एक नाव, एक हात

डॉ. केतकी ठोंबरे यांचा दवाखाना पेणमध्ये प्लायवूडच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. त्या फिजिओथेरपिस्ट. आणि पेण म्हणजे गणपतींचं गाव. वर्षातले नऊ-दहा महिने पाटावर वाकून माती थापायची, पॉलिश करायचं, रंग द्यायचा, म्हणजे पाठ बोलू लागते, मान धरते, खांदा वर जात नाही. केतकीकडे येणाऱ्यांत निम्मे तरी मूर्तींच्या कारखान्यांतले असत. "काम करा, पण अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला," हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की जिन्यात भेटणारी माणसंच तिला म्हणत, "चालतोय, मॅडम, चालतोय."

दवाखान्याची एक साधी वेबसाइट होती. व्यायामांची चित्रं, दवाखान्याच्या वेळा आणि नंबर लावायची सोय. ती जिथे ठेवलेली होती ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि नव्या मालकाने लहान गिऱ्हाइकांना महिनाभरात जागा रिकामी करायला सांगितली. केतकीला नवं होस्टिंग शोधणं भाग पडलं.

होस्टिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. वेबसाइट ही दवाखान्याची पाटी आहे असं धरा. पाटी टांगायला भिंत लागते. ती भिंत म्हणजे कुठेतरी अखंड चालू असलेला एक संगणक, आणि तो भाड्याने देणारा तो होस्टिंगवाला. बेकरीच्या पाटीला कुठलीही भिंत चालते. दवाखान्याच्या पाटीजवळ मात्र माणसं येऊन आपलं नाव, वय आणि दुखणं सांगतात. म्हणून भिंतीला कान आहेत का, हे आधी बघावं लागतं.

केतकीसमोर दोन भिंती होत्या.

पहिली 'नभोघर' नावाच्या मोठ्या कंपनीची. त्यांचा सुमेध नावाचा उत्साही प्रतिनिधी पडद्यावर येऊन बोलला. साइट कधी बंद पडणार नाही, रोज तिची प्रत काढून ठेवू, गावात नेट कितीही रडकं असलं तरी पान उघडेल. "आणि मॅडम, स्पर्शवाचन! लहान दवाखान्यांना हे आम्ही जागेबरोबरच देतो."

दुसरी भिंत 'शेजार' या छोट्या सहकारी संस्थेची. ती मुग्धा पेडणेकर अलिबागहून चालवायची. शाळेत ती केतकीच्या बाकावर बसायची, त्यामुळे गोड बोलण्याची तिला गरज वाटत नसे. "आम्ही जागा देतो. बाकी काही देत नाही. पेशंटची माहिती कुलपात, किल्ली तुझ्याकडे. सोडून जायचं झालं तर सगळं सामान उचलून ने. चार वर्षांत एकदा पावसात आमची साइट दुपारभर बंद होती, तेही सांगून ठेवते."

"तुझ्यापेक्षा तो सुमेध बरा बोलतो."

"त्याला त्याचाच पगार मिळतो, केतके."

नभोघर एक महिना फुकट वापरायला देत होतं. केतकीने विचार केला, बघू तर खरं.

आता हे स्पर्शवाचन काय होतं? तुमच्या घरात रात्री कुणी उठून स्वयंपाकघरात गेलं, तर पावलांवरून तुम्ही सांगता ना, आई की बाबा? डोळे मिटूनसुद्धा? प्रत्येकाच्या पावलाला स्वतःची लय असते. बोटालाही असते. आपण फोनच्या काचेला बोट लावतो तेव्हा ते किती वेळ टेकलं, किती दाबलं गेलं, पुढच्या अक्षराकडे जाताना किती थांबलं, सरकताना किती डगमगलं, हे सगळं काचेला कळत असतं. त्या वर्षांतल्या फोनची काच एका सेकंदात हजार वेळा या गोष्टी मोजायची. एरवी ही मोजणी कामाची नसते. पण मेंदूचे काही आजार हळू पावलांनी येतात. कंपवात त्यातलाच. हात दिसण्याइतका थरथरू लागण्याच्या बऱ्याच आधी बोटांची लय बिघडते. ती उचलायला उशीर होतो, दोन टेकण्यांमधलं अंतर असमान होतं. डोळ्यांना हे दिसत नाही. हजार वेळा मोजणाऱ्याला दिसतं. हा शोध खरा होता, आणि त्यामुळे कित्येकांना औषध वेळेवर मिळालं होतं.

नभोघरने एवढंच केलं, की ही मोजणी त्यांच्या प्रत्येक साइटच्या पोटात बसवली. नंबर लावायला आलेला माणूस नाव टाइप करतो, दुखणं लिहितो, आरोग्य-क्रमांक भरतो, तेवढ्यात त्याच्या बोटाचं वाचन होऊन जातं. पानाच्या तळाशी 'मान्य' असं बटण होतं. ते दाबल्याशिवाय नंबर लागत नसे, म्हणून सगळे दाबत.

तिसऱ्या आठवड्यात केतकीच्या पडद्यावर लाल चौकट आली.

'समूह-संकेत. हमरापूर रस्त्यावरील एकाच कारखान्यातील तेरा रुग्णांमध्ये कंपवातासारखी लक्षणे. विषबाधेची शक्यता तपासावी. शनिवारपर्यंत पुष्टी करा किंवा फेटाळा. उत्तर न आल्यास करारानुसार संकेत विमा कंपन्या व औद्योगिक आरोग्य कार्यालयाकडे जाईल.'

तेरा जण! केतकीने नावं वाचली. सगळी प्रमिलाताई पाटलांच्या कारखान्यातली. यातल्या प्रत्येकाची पाठ तिने स्वतःच्या हातांनी दाबली होती. तिला काहीच कसं दिसलं नाही?

तिला एक गोष्ट आठवली. काही तपकिरी-काळ्या रंगांत मँगनीज नावाचा धातू असतो. त्याची पूड वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर कंपवातासारखाच आजार होतो. कारखान्यात रंगाची पूड असणारच. यंत्राचं म्हणणं खरं असेल, तर गप्प बसणं हे पाप. खोटं असेल, तर ऐन हंगामात कारखान्याला सील लागेल, परदेशी जाणारे मूर्तींचे खोके अडकतील, आणि तेरा माणसांच्या आरोग्य-क्रमांकापुढे मेंदूचा आजार कायमचा लिहिला जाईल. पुसायला गेलं तर वर्षं जातील.

तिने दवाखाना लवकर बंद केला आणि स्कूटर काढली.

प्रमिलाताईंच्या कारखान्यात फळ्यांवर गणपती ओळीने बसले होते. काही मातीचे, काही पांढरे, काही पितांबर नेसलेले. प्रमिलाताई, पन्नाशीच्या, उंच आवाजाच्या, कोपरापर्यंत शाडूने माखलेल्या, दारातच म्हणाल्या, "अगोबाई, डॉक्टर घरपोच? पाठ दुखत नाही हो आज कुणाची. बोलवायच्या आधीच आलात!"

"सगळ्यांचे हात बघायचेत, ताई."

"हात? पाठीवरून हातावर आलात? बघा, बघा. लग्नाचं बघत असाल तर आमचा भूषण राहिलाय."

सगळे हसले. भूषणने माखलेला हात आधीच पुढे केला. केतकीने एकेकाला समोर उभं केलं. अंगठ्यावर पहिलं बोट भराभर आपटायला सांगितलं, हात सोडून कारखान्याच्या टोकापर्यंत चालायला लावलं, मनगट हलवून बघितलं. एकाचाही हात अडखळला नाही. मातीच्या कामाने घट्ट झालेले, सरावाचे, वेगवान हात. मग तिने रंगांचे डबे बघितले. सगळे पाण्यातले नवे रंग, तोंडाला बांधायच्या पट्ट्याही दिसल्या.

मग यंत्राने बघितलं तरी काय?

"ताई, माझ्या साइटवर नंबर कोण लावतं तुमच्याकडे? आपापला लावतात ना?"

प्रमिलाताईंनी आपले दोन्ही हात तिच्या नाकासमोर धरले. ओली माती मनगटावरून ओघळत होती. "ह्या हातांनी? काच दिसेल तरी का? कारखान्याचा एकच फोन आहे, तो चंद्रहासदादाकडे असतो. एवढ्या सगळ्यांत हात स्वच्छ त्याचेच. कुणाला बिल पाठवायचं, कुणाचा नंबर लावायचा, जेवण मागवायचं, सगळं दादा. आम्ही नुसतं ओरडून सांगतो."

मूर्तीच्या कामात सगळ्यांत शेवटी डोळे. त्याला आखणी म्हणतात. ती करणारा माणूस माती मळत नाही, पॉलिश करत नाही, रंगाच्या पिचकारीलाही हात लावत नाही. चंद्रहास घरत ही आखणी तीस वर्षं करत होता. पश्चिमेच्या खिडकीखाली त्याचा पाट होता. बाजूला धुतलेलं फडकं, बारीक कुंचले, आणि फडक्यावर ठेवलेला फोन.

केतकी लांबूनच बघत राहिली. चंद्रहासदादाने एका मूर्तीचा उजवा डोळा पुरा केला, कुंचला ठेवला आणि हात गुडघ्यावर टेकवला. हात टेकल्यावर काही क्षणांनी त्याचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू फिरू लागले. देवाची वात वळताना फिरतात तसे. बोटांत कापूस नव्हता. त्याने पुन्हा कुंचला उचलला, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली, आणि हात स्थिर झाला. या आजाराची खोड अशीच असते. हात कामात असला की थरथर लपते, विसाव्याला आला की बाहेर येते. म्हणून कारखान्यात कुणालाच ती दिसली नव्हती. कामात असलेल्या माणसाचा रिकामा हात कोण बघतो?

तेरा नावं, आणि हात एक. यंत्राला शिकवणाऱ्यांच्या घरी प्रत्येकाचा फोन वेगळा असणार. एक नाव म्हणजे एक हात, असं ते धरून चालले होते. दुसऱ्यासाठी नंबर लावणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता.

केतकीची नजर वर गेली. सगळ्यांत वरच्या फळीवर छोट्या मूर्तींची रांग होती. दर हंगामातला एक नमुना प्रमिलाताई ठेवून देत. डावीकडचे गणपती टपोऱ्या डोळ्यांनी बघत होते. उजवीकडच्या शेवटच्या दोघांचे डोळे बारीक होते, झोपेला आल्यासारखे.

"लोकांना आवडतात हो ते," प्रमिलाताई तिची नजर पकडून म्हणाल्या. "म्हणतात, तुमच्याकडचा बाप्पा हल्ली फार शांत बघतो."

केतकीला पुस्तकातलं पान आठवलं. या आजारात माणसाचं अक्षर लहान लहान होत जातं. त्याला स्वतःला ते कळतही नाही.

आता खरी अडचण सुरू झाली. चंद्रहासदादा तिचा पेशंट नव्हता. तो दवाखान्यात कधी आलाच नव्हता. इतरांना पाठवत राहिला होता. त्याने तिला काही विचारलं नव्हतं, तिने त्याला तपासलं नव्हतं. आणि तरी त्याच्या शरीरातली सर्वांत मोठी गोष्ट तिला ठाऊक होती, त्याच्याही आधी.

ती त्याच्या पाटाशेजारी जमिनीवर बसली.

"काय डॉक्टरबाय, सगळ्यांचे हात बघितलेस. माझा राहिला."

"दादा, तुमच्याबद्दल एक गोष्ट मला कळली आहे. तुम्ही सांगितली नाहीत, मी विचारली नाही. ऐकायची की नाही ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर चहा पिऊन जाईन."

चंद्रहासने कुंचला पाण्यात बुडवून नीट पुसला. "चहा तर पिशीलच. वाईट गोष्ट आहे?"

"चांगली नाही. पण लवकर कळली, हे चांगलं."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"एका यंत्राला. पण त्याला वाटतंय, ती या तेरा जणांची आहे."

"म्हणजे हुशार दिसतंय!" तो हसला. मग हसू उतरलं. खिडकीतून येणारा उजेड त्याने मूर्तीवर पडू दिला, स्वतः थोडा मागे सरला. "सांग. पण आधी एक सांग. आखणी सुटेल काय?"

"लगेच नाही. पुढचं मी आज सांगू शकत नाही. पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं लागेल, खरं निदान ते करतील. औषधं आहेत, व्यायाम आहेत. माझं काम व्यायामाचं."

मग तिने सगळं सांगितलं. बोटांची लय, वात वळणारा अंगठा, वरच्या फळीवरचे डोळे. तो मान वर करून त्या रांगेकडे बघत राहिला.

"मी चष्म्याचा नंबर बदलला गं दोनदा," तो म्हणाला. "मला वाटलं, नजर गेली."

भूषण चहा घेऊन आला, दोघांचे चेहरे बघून कप ठेवून निघून गेला.

"या पोरांच्या नावावरचं कसं पुसायचं?" चंद्रहासने विचारलं.

"मला लिहावं लागेल, की नंबर त्यांनी लावलेच नाहीत, दुसऱ्याने लावले. मग ते विचारतील, कोणी."

"सांग मग. माझा हात, माझं नाव. ह्यांच्या माथी कशाला?"

"तुमचं नाव दिलं तर ते कुठे कुठे जाईल, हे करारात आहे. वाचून दाखवू?"

तिने फोनवर करार उघडला आणि वाचू लागली. विमा कंपन्या, संशोधन भागीदार, संलग्न सेवा, भागीदारांचे भागीदार. चंद्रहासने हात वर केला. "बस. एवढ्या लोकांना तर माझ्या लग्नाचंही आमंत्रण नव्हतं." मग तो सावकाश म्हणाला, "बायकोला मी सांगेन. प्रमिलेला मी सांगेन. बाकी कुणाला कळायचं असेल ते माझ्या तोंडून."

दुसऱ्या दिवशी केतकीने संकेत फेटाळला आणि कारण लिहिलं. तासाभरात सुमेध पडद्यावर हजर.

"मॅडम, नंबर दुसऱ्याने लावले म्हणता, म्हणजे लक्षणं त्या दुसऱ्याची! यंत्र चुकलं नाहीच."

"आजार बरोबर असेल. माणसं चुकली."

"मग बरोबर माणूस कळवा. मी आत्ता दुरुस्त करतो. फोन कारखान्याच्या नावावर आहे, म्हणून आम्हाला कळत नाहीये."

"त्याला कळायचं ते कळलंय. त्याने तुमच्याकडे काही मागितलेलं नाही."

"त्याने 'मान्य' दाबलंय, मॅडम."

"तेरा वेळा. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या नावाने. कुणाचं मान्य धरायचं ते?"

सुमेध वाईट मुलगा नव्हता. तेरा नावांवरचा संकेत त्याने तिच्यासमोरच काढून टाकला आणि तसं लेखी पाठवलं. मग म्हणाला, "एक विचारू? तुम्ही आम्हाला सोडून जाणार, हे दिसतंय. पण पुढचा असा माणूस तुमच्या साध्या साइटवर येईल, नंबर लावेल आणि जाईल. कुणालाच काही कळणार नाही. ते तुम्हाला चालेल?"

प्रश्न खोटा नव्हता.

केतकीने तो तसाच्या तसा मुग्धाला विचारला. "मोजायचंच असेल तर विचारून मोजू," मुग्धा म्हणाली. "ज्या विद्यापीठाने हे वाचन शोधलं, त्याने ते सगळ्यांसाठी खुलं केलंय. वेगळं पान करू. ज्याला हात बघायचा त्याने बघावा. मोजणी त्याच्याच फोनमध्ये होईल, उत्तर त्यालाच दिसेल, माझ्या संगणकावर येणारच नाही."

"थोडेच लोक वापरतील."

"थोडेच वापरतील," मुग्धा म्हणाली. "ते मी गोड करून सांगणार नाही."

केतकीने शेजार घेतलं. हा निर्णय पूर्ण बरोबर आहे असं तिला तेव्हाही वाटलं नाही. न विचारता बघणारी भिंत कुणाचा तरी आजार पकडेल, आणि तिची भिंत तो सोडून देईल, हे तिला ठाऊक होतं. पण माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहतो तेव्हा काय दाखवायचं ते तो ठरवतो. पाठ दाखवायला आलेल्याचे खिसे आपण तपासत नाही.

त्या वेगळ्या पानासाठी बोटाने गिरवायला एक आकृती लागणार होती. मुग्धाने नागमोडी रेघ पाठवली. केतकी ती कारखान्यात घेऊन गेली. चंद्रहासने ती बघून तोंड वाकडं केलं. "हे गिरवायला कोण बसेल? गांडूळ आहे हे." त्याने कुंचला उचलला, करंगळी कागदावर टेकवली आणि एक डोळा काढला. वरची कमान, खालची कमान, मधे बुबुळ. तोच आजही त्या पानावर आहे. लोक तो गंमत म्हणून गिरवतात, आणि कुणी कुणी नंतर पनवेलचा पत्ता विचारतात.

नंबर लावायच्या पानावर केतकीने एकच गोष्ट वाढवायला लावली. सगळ्यांत वर एक प्रश्न: नंबर कुणासाठी? त्याखाली दोन बटणं.

पुढल्या सोमवारी सकाळी पहिला नंबर कारखान्याच्या फोनवरून आला. नाव चंद्रहास घरत. दुखणं या रकान्यात लिहिलं होतं, 'व्यायाम शिकायचे'. आणि वर 'स्वतःसाठी' हे बटण दाबलेलं होतं. ते दाबताना बोट काचेवर किती वेळ टेकलं होतं, हे कुणीही मोजलं नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. प्रमिलाताईंनी आधी आरडाओरडा केला, मग डोळे पुसले, आणि हातांना माती असल्यामुळे तोंडभर शाडू लावून घेतला. आखणीसाठी सकाळची वेळ ठरली, कारण तेव्हा गोळी चांगली लागू असायची. दुपारी चंद्रहास भूषणला हात धुवायला लावून पाटावर बसवू लागला. व्यायामांना मात्र तो कुरकुरायचा. मोठी मोठी पावलं टाकायची, हात लांब फेकायचे, कागदावर मोठी अक्षरं काढायची. "पोरांच्या शाळेत घातलंस मला," म्हणायचा.

पुढच्या हंगामात पुण्याचे एक जुने गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आले. त्यांनी मूर्ती उजेडात धरली, फिरवून पाहिली.

"दादा, यंदा डोळे मोठे केलेत का हो? गेली दोन वर्षं किती शांत बघायचा बाप्पा."

चंद्रहासने करंगळी दुसऱ्या मूर्तीच्या गालावर टेकवली.

"मोठे नाही केले," तो म्हणाला. "मधे लहान झाले होते."